सस्तन प्राण्यांचा उगम : दख्खनच्या दगडातून दिसणारा प्रश्न

प्रश्नाचे स्वरूप

सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड असते आणि मध्यकर्णात तीन : हातोडी, ऐरण आणि रिकीब. सरडा, मगर, कोंबडी यांच्यात हिशेब उलटा आहे. त्यांचा जबडा अनेक हाडांचा, आणि कानात हाड एकच. या फरकात सस्तन प्राण्यांच्या उत्पत्तीचा मोठा भाग नोंदलेला आहे, कारण कानातली जादा दोन हाडे म्हणजे पूर्वजांच्या जबड्याचा सांधा घडवणारीच दोन हाडे होत.

आज पृथ्वीवर सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती आहेत. त्यांच्या तीन शाखा मानतात. पहिली अंडी घालणाऱ्यांची. तिच्यात प्लॅटिपस आणि एकिड्ना एवढेच उरले आहेत. दुसरी कांगारूसारख्या पिशवीधारी प्राण्यांची. तिसरी गर्भाला वारेतून दीर्घकाळ पोसणाऱ्या अपरास्तनींची. वटवाघळापासून देवमाशापर्यंत आणि खारीपासून माणसापर्यंत बाकी सगळे हिच्यात येतात. दूध, केस, उष्ण रक्त, कानातली तीन हाडे आणि आयुष्यात बहुधा एकदाच बदलणारे दात ही या सर्वांची समाईक लक्षणे.

यांपैकी दूध आणि उष्णता खडकात उरत नाहीत, केस क्वचित उरतात. हाडे टिकतात, आणि हाडांपेक्षा इनॅमलचे कवच असलेले दात अधिक टिकतात. त्यामुळे या विषयातले बहुतेक वाद दोन प्रश्नांभोवती फिरतात. पहिला, ही लक्षणे कोणत्या क्रमाने आणि कशासाठी आली. दुसरा, आजच्या शाखा, विशेषतः अपरास्तनी, नेमक्या केव्हा फुटल्या. पहिल्या प्रश्नाशी विदर्भाच्या पूर्व टोकाला वाहणाऱ्या प्राणहितेच्या खोऱ्यातील खडकांचा संबंध आहे. दुसऱ्याचा संबंध ज्या लाव्हावर पुणे शहर वसले आहे, त्या दख्खनच्या काळ्या पाषाणाशी आहे.

पूर्वपीठिका : सिनॅप्सिड ते सायनोडॉन्ट

सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर अंडी घालणाऱ्या चतुष्पादांच्या दोन शाखा झाल्या. एकीतून पुढे सरडे, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसरी सिनॅप्सिडांची. यांच्या कवटीत डोळ्यामागे दोन्ही बाजूंना एकेकच खिडकी असते, आणि जबड्याच्या स्नायूंना तिच्यातून जागा मिळते. सस्तन प्राणी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून निर्माण झाले, हे जुन्या पाठ्यपुस्तकांतले विधान म्हणूनच आता तसेच्या तसे स्वीकारले जात नाही. दोन्ही गट एका समाईक पूर्वजाचे वंशज आहेत.

पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन हा सुरुवातीच्या सिनॅप्सिडांपैकी होता. पुढच्या टप्प्यावरच्या थेरॅप्सिडांचे पाय शरीराखाली अधिक सरळ आले. भारतात दामोदर खोऱ्यातल्या पांचेत थरांत लिस्ट्रोसॉरस आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या येर्रापल्ली थरांत वाडियासॉरस हे थेरॅप्सिड सापडले आहेत. वाडियासॉरसला भूवैज्ञानिक दा. नौ. वाडिया यांचे नाव दिलेले आहे. लिस्ट्रोसॉरस दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका येथेही सापडतो, आणि हे सारे भूभाग एकेकाळी गोंडवन या प्राचीन महाखंडात जोडलेले होते याचा तो ठळक पुरावा ठरला.

२५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा विनाश झाला. त्यातून तगलेल्या थेरॅप्सिडांपैकी सायनोडॉन्ट हा गट सस्तनांचा थेट पूर्वज मानला जातो. त्यांच्यात पुढचे दात, सुळे आणि दाढा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या होत्या. तोंड आणि नाक यांच्यामध्ये हाडाचे टाळूचे छत आले होते, त्यामुळे घास चावत असताना श्वास चालू ठेवता येत असे. ट्रायसिक काळात यांच्यातील काही वंश लहान होत गेले. सुमारे २०.५ कोटी वर्षांपूर्वीचा, वेल्समधून माहीत झालेला मॉर्गन्युकोडॉन चिचुंद्रीएवढा होता. चीनमधील, सुमारे १९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या हॅड्रोकोडियमचे वजन अवघे दोन ग्रॅम असावे असा अंदाज आहे.

जबड्यातून कानात

जबडा आणि कान यांचे नाते प्रथम गर्भाच्या अभ्यासातून कळले. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्ट यांनी १८३७ मध्ये ते दाखवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गाउप यांनी त्याची पक्की मांडणी केली. सस्तनांच्या गर्भात हातोडी आणि ऐरण जबड्याच्या कूर्चेच्या टोकाशी तयार होतात. पिशवीधारी प्राण्यांच्या नवजात पिलांत ही हाडे जबड्याला लागूनच असतात आणि वाढीबरोबर सुटी होतात.

जबड्याला सांध्याशिवाय क्षणभरही चालत नाही, मग जुना सांधा सुटून नवा आला कसा, ही शंका दीर्घकाळ उभी होती. जीवाश्मांनी तिचे उत्तर दिले. मॉर्गन्युकोडॉनमध्ये दोन्ही सांधे शेजारी शेजारी होते; नवा सांधा भार घेत होता आणि जुन्या सांध्याची बारीक झालेली हाडे आवाजाची कंपने पोचवत होती. चीनमध्ये सापडलेल्या यानोकोनोडॉन आणि लियाओकोनोडॉन या क्रीटेशस काळातल्या प्राण्यांत कानाची हाडे एका कूर्चेच्या दांडीने जबड्याला अजून जोडलेली दिसतात.

हा बदल कसा झाला यावर आज एकमत आहे. तो किती वेळा झाला यावर नाही. अंडी घालणाऱ्या शाखेच्या जुन्या जीवाश्मांच्या, विशेषतः ऑस्ट्रेलियातील टायनोलोफॉसच्या जबड्याच्या आधारे २००५ मध्ये असे मांडले गेले की त्या शाखेत कान स्वतंत्रपणे सुटा झाला. या वाचनाला आक्षेपही घेतले गेले. २०२४ मध्ये ब्राझीलच्या जीवाश्मांच्या अभ्यासातून आणखी एक पैलू पुढे आला. रिओग्रांडिया या सायनोडॉन्टमध्ये नव्या सांध्याचा संपर्क अपेक्षेपेक्षा बराच आधी आढळला, तर सस्तनांना अधिक जवळच्या ब्रासिलोडॉनमध्ये तो आढळला नाही. म्हणजे नवा सांधा बनवण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या वंशांत एकाहून अधिक वेळा झाले असावेत.

उष्ण रक्त : कधी आणि कशासाठी

स्वतःची ऊब स्वतः निर्माण करणे महाग पडते. तेवढ्याच वजनाच्या सरड्यापेक्षा सस्तन प्राण्याला कित्येक पट अन्न लागते. एवढा खर्च कशासाठी, यावर तीन प्रमुख मते आहेत. पहिले मत तापमानाच्या नियंत्रणाला महत्त्व देते : लहान आकाराच्या, रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांना थंड रात्रीत कीटक पकडण्यासाठी ऊब आवश्यक होती. दुसरे मत बेनेट आणि रुबेन यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यांच्या मते निवड झाली ती दमसासाची. दीर्घकाळ धावण्याची क्षमता वाढताना विश्रांतीतला चयापचयही वाढला आणि ऊब त्यासोबत आली. २००० मध्ये फार्मर आणि कोटेया यांनी स्वतंत्रपणे मांडलेले तिसरे मत पिलांच्या संगोपनाशी ऊब जोडते. ही मते एकमेकांना सर्वस्वी छेद देत नाहीत, आणि एकापाठोपाठ एक असे अनेक दाब काम करत असावेत असे मानणारे बरेच आहेत.

काळाच्या प्रश्नावर पुरावे वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका मोजल्या होत्या. या नलिकांतल्या द्रवाचा दाटपणा तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे शरीर उबदार झाले की नलिकांचा आकारही बदलावा लागतो. त्या हिशेबाने उष्ण रक्त सुमारे २३.३ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायसिकच्या उत्तरार्धात, तुलनेने झपाट्याने आले. हाडांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे काही अभ्यास हा आरंभ पर्मियनच्या अखेरीपर्यंत मागे नेतात. याउलट २०२० मध्ये दातांच्या मुळांवरील सिमेंटच्या वार्षिक वलयांवरून मॉर्गन्युकोडॉन १४ वर्षांपर्यंत आणि त्याच्यासारखाच छोटा क्यूनिओथेरियम ९ वर्षांपर्यंत जगत असल्याचे दिसले. आज एवढ्या आकाराचे सस्तन प्राणी सहसा दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. दीर्घ आयुष्य हे मंद चयापचयाचे लक्षण मानल्यास या प्राण्यांची ऊब आजच्या सस्तनांइतकी नव्हती. ऊब हा एका क्षणी पेटलेला जाळ नसून टप्प्याटप्प्याने चढलेले तापमान होते, अशी मांडणी केली तर दोन्ही प्रकारचे पुरावे सामावून घेता येतात. टप्पे नेमके कोणते, हे मात्र त्यातून ठरत नाही.

केस आणि दूध

केसांचा निर्विवाद जुना पुरावा मंगोलियाच्या सीमेलगतच्या चिनी प्रदेशात मिळाला. सुमारे १६.४ कोटी वर्षांपूर्वीच्या कॅस्टोरोकॉडा या पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्याभोवती दाट लवीचा ठसा उमटलेला आहे. पर्मियन काळाच्या अखेरच्या अश्मीभूत विष्ठेत केसांसारखे धागेही आढळले आहेत, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही. केस प्रथम उबेसाठी आले की मिशांप्रमाणे स्पर्श जाणण्यासाठी, हाही प्रश्न खुला आहे.

दुधाविषयी दोन मांडण्या प्रमुख आहेत. ओफ्टेडाल यांच्या मते पातळ, चामड्यासारख्या कवचाची अंडी वाळू नयेत म्हणून आईच्या त्वचेतल्या ग्रंथी ओलावा पुरवत; त्या स्रावात हळूहळू पोषण मिसळले. दुसऱ्या मांडणीनुसार हा स्राव मुळात जंतूंपासून बचाव करणारा होता. दुधातली साखर बनवण्यात वाटा असलेले एक प्रथिन लायसोझाइम या जंतुनाशक प्रथिनाच्या कुळातूनच आलेले आहे, ही गोष्ट या मताला बळ देते. जनुकांचा पुरावा दोन्हींना पूरक आहे. अंड्यातला बलक बनवणारी जनुके सस्तनांत एकेक करून निकामी झाली. प्लॅटिपसमध्ये त्यांतले एक अजून कार्यरत आहे. दुधातल्या केसिनची जनुके मात्र तिन्ही शाखांत आहेत. म्हणजे बलक पुरता जाण्याच्या कितीतरी आधी दूध आले होते.

जीवाश्मांतून दूध अप्रत्यक्षपणे दिसते. जन्मतः दूध मिळणाऱ्या पिलाला काही काळ दातांची गरज नसते, म्हणून दात एकदाच बदलले तरी चालते. मॉर्गन्युकोडॉनमध्ये अशी एकदाच बदलणारी दंतपंक्ती होती. त्याच्या जवळचा कायेन्टाथेरियम मात्र वेगळा निघाला. २०१८ मध्ये वर्णन झालेल्या एका जीवाश्मात एका प्रौढासोबत किमान ३८ पिले होती. एवढी मोठी वीण सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळते. लहान वीण आणि मोठा मेंदू ही जोडी सस्तनांच्या उंबरठ्यावर, बरीच उशिरा जमली असावी, असे यावरून सुचवले जाते.

व्याख्येचा वाद आणि प्राणहितेकाठचे दात

लक्षणे अशी सुटी सुटी आली असतील तर पहिला सस्तन प्राणी कोणता? एका परंपरेनुसार जबड्याचा नवा सांधा ज्याच्यात आला तो सस्तन. तेव्हा मॉर्गन्युकोडॉन सस्तन ठरतो. १९८८ मध्ये रो यांनी दुसरी व्याख्या रूढ केली : आजच्या तिन्ही शाखांचा शेवटचा समाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज तेवढे सस्तन. तिच्यानुसार मॉर्गन्युकोडॉन उंबरठ्याबाहेर राहतो. आज बहुतेक संशोधक दुसरी व्याख्या वापरतात, तरी जुनी व्याख्या पूर्ण सुटलेली नाही. त्यामुळे ‘सर्वांत जुना सस्तन’ अशी बातमी वाचताना कोणती व्याख्या गृहीत धरली आहे हे पाहावे लागते.

दुसऱ्या व्याख्येने कालगणनेचा एक वाद अधिक तीव्र केला. हरामियिड हे ट्रायसिकपासून सापडणारे प्राणी सस्तनांच्या आत धरले, तर सस्तनांचा उगम २० कोटी वर्षांच्या मागे जातो. २०१४ मध्ये चीनमधल्या सांगाड्यांच्या आधारे तसे मांडले गेले. २०१५ मध्ये ग्रीनलँडच्या हरामियाव्हियाचा जबडा नव्याने तपासून त्यांना बाहेर ठेवणारी मांडणी झाली, आणि तिच्यानुसार उगम ज्युरासिकमध्ये येतो. वाद चालू आहे.

या काळातले गोंडवनाचे जीवाश्म विरळ असल्याने भारतीय दातांना त्यांच्या आकारापेक्षा फार मोठे महत्त्व आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेकाठी कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्युरासिक थरांतून, नदीपलीकडच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांना सस्तनसदृश दात मिळाले. १९८१ मध्ये दत्ता यांनी कोटाथेरियम हाल्डेनाय या भारतातल्या पहिल्या ज्युरासिक सस्तनाचे वर्णन केले. जातीचे नाव भारतात स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून आहे. पाठोपाठ यादगिरी यांनी इंडोथेरियम, त्रिशूलोथेरियम आणि नाकुनोडॉन यांची भर घातली. २०१३ मध्ये याच थरांतून इंडोबातार हा भारतातला पहिला बहुगुलिकादंती (दाढांवर अनेक उंचवटे असलेला) प्राणी नोंदला गेला. कोटा थरांचे वय मात्र सगळ्यांना सारखे मान्य नाही. बहुतेक जण ते पूर्व ते मध्य ज्युरासिक मानतात, तर सूक्ष्म कवचधारी जीवांच्या आधारे काहींनी ते अधिक अलीकडचे म्हटले आहे.

सुट्या दातावर किती भार टाकावा, याचा धडा टिकिथेरियमने दिला. मध्य प्रदेशातल्या टिकी थरांतील एका वरच्या दाढेवरून २००५ मध्ये या प्राण्याचे वर्णन झाले आणि तो उत्तर ट्रायसिक काळातला मानला गेला. त्याची दाढ त्या काळाच्या मानाने फार प्रगत होती, म्हणून जगभरच्या वंशवृक्षांत त्याला वेगळी जागा मिळाली. २०२४ मध्ये आव्हेरियानोव्ह आणि व्होयता यांनी दाखवले की ही दाढ निओजीन काळातल्या, म्हणजे फार अलीकडच्या, चिचुंद्रीची आहे. नंतरच्या काळातला दात जुन्या थराच्या मातीत मिसळला असावा. टिकी थरांतील गोंडवानाडॉन आणि इतर सस्तनसदृश प्राण्यांच्या नोंदींवर याने आपोआप काट मारली जात नाही, पण दाताइतकेच त्याच्या थराचे निदान महत्त्वाचे असते हे पुन्हा अधोरेखित झाले.

लाव्हाच्या दोन थरांमधली पट्टी

पुण्यातले पाताळेश्वराचे लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिलेल्या लाव्हाचा आहे. दख्खनच्या लाव्हाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. हे उद्रेक सलग नव्हते. एक प्रवाह थिजला की कधी शेकडो, कधी हजारो वर्षे शांतता असे. दगड कुजून माती होई, खोलगट जागी तळी साचत, झाडे उगवत आणि प्राणी येत. मग पुढचा प्रवाह त्यावर पसरे. पुण्याभोवतीच्या घाटांत रस्त्यासाठी तासलेल्या कड्यांवर काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचे आडवे पट्टे दिसतात, ते या शांत काळाच्या खुणा आहेत. लाव्हाच्या पठाराच्या कडेला, नागपूर, मध्य प्रदेश, तेलंगण आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या बाजूला, तळ्यांचा गाळ अधिक साचला. जीवाश्म मुख्यतः तिथे मिळतात.

या गाळातून दात शोधणे हे चिकाटीचे काम आहे. पोत्यांनी माती आणून ती पाण्यात भिजत घालतात, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतात, चाळणीवर उरलेला चुरा वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बाजूला करतात. माशांची खवले, बेडकांची हाडे, मगरींचे दात यांच्यामधून क्वचित एखादी दीड-दोन मिलिमीटरांची दाढ हाती लागते.

अशा शोधातून १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तेलंगणातल्या नासकल येथील दाढांवरून डेक्कनोलेस्टिस हिस्लोपाय हा प्राणी जाहीर केला. क्रीटेशस काळातला हा भारतातला पहिला सस्तन. नावाचा अर्थ ‘दख्खनचा लुटारू’, आणि जातीचे नाव एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरातले जीवाश्म जगापुढे आणणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. त्याच पट्ट्यातून पुढे साहनीथेरियम, इंडोक्लेमेन्सिया आणि अवशिष्ट आले. अवशिष्ट हा एकाच दातावरून ओळखलेला, हरामियिडांचा बहुधा शेवटचा प्रतिनिधी. नासकल आणि गोकाक या दोन्ही ठिकाणी मिळालेला भारतथेरियम २००७ मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे वर्णन केला. दुसऱ्या गटाने दिलेले दक्षिणा हे नाव आता त्याचेच पर्यायी नाव मानतात.

अपरास्तनी केव्हा फुटले

डेक्कनोलेस्टिसचे महत्त्व दुसऱ्या मोठ्या वादात आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रीटेशस काळ संपण्याच्या सीमेवर, पक्षी वगळता सर्व डायनोसॉर नाहीसे झाले. हत्ती, घोडे, वटवाघळे, माकडे यांचे पूर्वज त्याआधीच वेगळे झाले होते की नंतर?

यावर तीन मांडण्या आहेत. पहिली ‘स्फोटा’ची : सगळे अपरास्तनी सीमेनंतर फुटले. ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४,५४१ लक्षणांच्या अभ्यासातून समाईक पूर्वज सीमेनंतर दोन ते चार लाख वर्षांत झाला असे म्हटले. दुसरी ‘आखूड वाती’ची : मुख्य गट आणि त्यांच्यातले उपगटही क्रीटेशसमध्येच फुटू लागले. तिसरी ‘लांब वाती’ची : मुख्य शाखा क्रीटेशसमध्ये फुटल्या, पण प्रत्येक शाखेतली आजची विविधता सीमेनंतर आली. मेरेडिथ आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास, २०२२ मधील ७२ जनुकसंचांचे विश्लेषण आणि २०२३ मधील २४१ जनुकसंचांवर आधारित झूनोमिया प्रकल्पाचे निष्कर्ष साधारण या बाजूचे आहेत. जीवाश्मांची नोंद संख्याशास्त्राने तपासणाऱ्या २०२३ च्या एका अभ्यासानेही अपरास्तनींचा उगम क्रीटेशसमध्ये ठेवला.

जनुकांतल्या बदलांवरून काळ मोजणारे रेण्वीय घड्याळ मागे बोट दाखवते, पण क्रीटेशसमधला सर्वांना मान्य असा अपरास्तनी जीवाश्म एकही नाही. ही पोकळी भरू शकेल म्हणूनच भारतीय दातांकडे लक्ष लागले. १९९४ मध्ये प्रसाद आणि गोदिनो यांनी डेक्कनोलेस्टिसच्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडांवर वावरणारा असल्याचे दाखवले. २०१० मध्ये कोपराच्या हाडांची भर पडली, आणि बॉयर व सहकाऱ्यांनी त्याचे नाते माकडे आणि वृक्षचिचुंद्र्या ज्या मोठ्या शाखेत येतात तिच्याशी जोडले. ते खरे असेल तर लाव्हा वाहत असताना अपरास्तनी भारतात होते. २०११ मध्ये गोस्वामी व सहकाऱ्यांच्या विस्तृत वंशवृक्षात मात्र डेक्कनोलेस्टिस युरोप-आफ्रिकेतील अ‍ॅडापिसोरिक्युलिड कुळाजवळ आला, आणि ते सारे कूळ अपरास्तनींच्या दाराबाहेर, त्यांच्या दूरच्या भावंडांत गेले. मध्य प्रदेशातल्या किसलपुरी येथील खार्मेरंग्युलेटम हा खूरधारी प्राणी असल्याचे २००७ मध्ये मांडले गेले, पण त्याचा आधार एकच दाढ आहे. १६ कोटी वर्षांपूर्वीच्या मानलेल्या जुरामाया या चिनी जीवाश्माने अपरास्तनी आणि त्यांची दूरची भावंडे मिळून होणाऱ्या सगळ्या शाखेचे वय बरेच मागे नेले होते, पण त्याच्या वयावरही २०२० मध्ये शंका घेतली गेली.

उल्का, लाव्हा आणि उत्तरार्ध

डायनोसॉरांच्या विनाशात मेक्सिकोतील चिक्शुलुबच्या उल्काघाताचा आणि दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, हा शेजारचा वाद सस्तनांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. त्याचे उत्तर सह्याद्रीत मोजले जात आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे लाव्हाच्या थरांची म्हणून जगभरच्या शोधनिबंधांत येतात. २०१९ मध्ये एकाच वेळी दोन कालमापने प्रसिद्ध झाली. लाल पट्ट्यांतल्या झिरकॉन स्फटिकांवरून शोएने व सहकाऱ्यांनी उद्रेकांचे चार मोठे झटके ठरवले. त्यांतला एक आघाताच्या थोडा आधी होता. आर्गॉन पद्धतीने स्प्रेन व सहकाऱ्यांना सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा दिसला. बहुसंख्य संशोधक आघाताला मुख्य कारण मानतात, तर उद्रेकांचा हवामानावरील परिणाम निर्णायक मानणारेही आहेत.

नासकलच्या गाळाचे वय यात कळीचे आहे. त्याच्या खालच्या आणि वरच्या लाव्हाचे मापन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरच्या बंदना सामंत आणि धनंजय मोहबे या संशोधकांचा त्यात सहभाग होता. त्यानुसार तो गाळ सीमेच्या अगदी तोंडाशी, क्रीटेशसच्या अखेरचा आहे. म्हणजे दख्खनचे हे छोटे प्राणी पेटत्या पठाराच्या कडेला जगत होते. अमेरिकेत मात्र सीमेनंतरचा पुढचा अध्याय सलग दिसतो : मोंटानात सीमेनंतर लाख-दीड लाख वर्षांत माकडांचा दूरचा नातलग पर्गॅटोरियस, आणि कोलोरॅडोत सात लाख वर्षांत सुमारे ५० किलोंचे सस्तन. भारतात लगेच नंतरच्या काळाचे सस्तन जीवाश्म फारच तुटपुंजे आहेत.

बेट की पूल

भारत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि सुमारे ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडू लागला. मधल्या प्रवासात तो पूर्ण एकाकी बेट होता का? भारतथेरियमचे नातलग मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. हा गोंडवनाचा वारसा. डेक्कनोलेस्टिसचे नातलग आफ्रिका आणि युरोपात. त्यामुळे समुद्री बेटांच्या साखळीतून येजा होत असावी असे अनेकांना वाटते. मॅकेना यांनी १९७३ मध्ये भूखंडांना जीव वाहून नेणाऱ्या नौकांची उपमा दिली. त्या अर्थाने काही अपरास्तनी भारतात घडून टकरीनंतर आशियात पसरले असावेत, अशी एक मांडणी आहे. तिच्या बाजूने गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत मिळालेला, सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचा कॅम्बेथेरियम पुढे केला जातो. घोडे-गेंड्यांच्या शाखेचा हा जवळचा नातलग. विरुद्ध मत असे की त्याच खाणीतली वटवाघळे आणि आदिम माकडे युरोपीय प्राण्यांना जवळची आहेत, तेव्हा येजा दोन्ही दिशांनी झाली असावी.

सद्यःस्थिती

काही गोष्टी स्थिरावल्या आहेत. सस्तन प्राणी एका दमात घडले नाहीत. जबडा, कान, दात, केस, ऊब आणि दूध ही लक्षणे दहा कोटींहून अधिक वर्षांत, वेगवेगळ्या वेगाने जमत गेली. कानाची हाडे जबड्यातून आली. आजच्या सस्तनांची बहुतेक विविधता डायनोसॉरांनंतरची आहे.

उरलेले प्रश्न स्पष्टपणे मांडता येतात. कान किती वेळा सुटा झाला, ऊब कोणत्या टप्प्यांनी चढली, हरामियिड आत की बाहेर, कोटा थरांचे नेमके वय काय, आणि डेक्कनोलेस्टिस अपरास्तनींच्या घरातला की अंगणातला. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामुख्याने भारतीय खडकांतच मिळू शकतात. दात एकटे नाते ठरवायला अपुरे पडतात, हे टिकिथेरियम आणि खार्मेरंग्युलेटम यांच्या अनुभवातून दिसले आहे. कवटीचा किंवा जबड्याचा एखादा तुकडा आणि त्याच्या थराचे निःसंदिग्ध वय, ही जोडी मिळाली तर दख्खनच्या पठाराकडचा हा अध्याय पुढे वाचता येईल.